जहाजावरील डीझेल जनित्र : झडपेची फट आणि तिची निगा

पीण्या हे बंगळूर शहराच्या वायव्येस वसलेले औद्योगिक क्षेत्र होय. 1970 च्या दशकात ते आकारास आले आणि आज तेथे हजारो लहानमोठे कारखाने आहेत. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी जहाजावरील डीझेल जनित्राची ओळख करून घेण्यास हे ठिकाण सोयीचे आहे. येथे वीज गेली की कारखान्याच्या मागील बाजूस एंजिन धडधडू लागते आणि थांबलेली यंत्रे पुन्हा फिरू लागतात. जहाजाच्या यंत्रघरातील रचनाही तत्त्वतः हीच असते : एक डीझेल एंजिन आणि त्याला जोडलेले विद्युत जनित्र. मराठी वाचकाला या जोडीची दोन्ही अंगे परिचित आहेत. 1946 मध्ये किर्लोस्कर समूहाच्या दोन कंपन्या स्थापन झाल्या. तेल-एंजिने बनविणारी पुण्यास आणि विजेची यंत्रे बनविणारी बंगळुरास.

फरक आहे तो परिस्थितीचा. जमिनीवर जनित्र बंद पडले तर काम खोळंबते. जहाजावर मात्र सुकाणू फिरविणारी यंत्रणा, मुख्य एंजिनास वंगण व पाणी पुरविणारे पंप, दिवे आणि दिशादर्शक उपकरणे ही सर्व याच विजेवर अवलंबून असतात. 26 मार्च 2024 रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ या मालवाहू जहाजावरील वीजपुरवठा खंडित झाला. जहाज पुलाच्या खांबावर आदळले, पूल कोसळला आणि त्यावर काम करणारे 6 मजूर मृत्युमुखी पडले. पुढे चौकशीत मूळ दोष आढळला तो एका सैल तारेत. एंजिनातही अशा क्षुल्लक वाटणाऱ्या जागा असतात. झडपेची फट ही त्यांपैकी एक.

प्रत्येक सिलिंडराच्या माथ्यावर हवा आत घेणारी आणि जळालेला वायू बाहेर सोडणारी अशा झडपा असतात. स्प्रिंग झडपेला बंद ठेवते. रॉकर नावाचा आडवा दांडा तिला दाबून उघडतो. एंजिन थंड असताना रॉकर आणि झडपेचा दांडा यांच्यामध्ये थोडी फट मुद्दाम ठेवावी लागते. पोलादाचा 20 सेंटिमीटर लांबीचा दांडा 100 अंश सेल्सिअसने तापला, तर तो सुमारे 0.24 मिलिमीटरने वाढतो. भोवतालचे भागही तापून वाढतात खरे, परंतु सर्व भाग सारखे तापत नाहीत. या वाढीसाठी जागा ठेवली नाही, तर तापलेली झडप पूर्णपणे मिटू शकत नाही. बहुतेक एंजिनांत ही फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. निष्कास झडप अधिक तापत असल्याने पुष्कळदा तिची फट प्रवेश झडपेपेक्षा अधिक ठेवतात. नेमका आकडा मात्र त्या त्या एंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी एंजिन आपोआप सुरू होणार नाही याची खात्री करून घेतात. ही सूचना औपचारिक नव्हे. जहाजावरील राखीव जनित्र वीज जाताच स्वतःहून सुरू होते आणि त्या वेळी कारागिराचा हात आत असू शकतो. त्यानंतर एंजिन हाताने फिरवून दट्ट्या संपीडनाच्या शेवटी सर्वांत वर आणतात. निष्कासाच्या शेवटीही दट्ट्या वरच येतो, परंतु तेव्हा दोन्ही झडपा किंचित उघड्या असतात. त्या स्थितीत घेतलेले माप चुकीचे ठरते. नवशिका येथेच फसतो. दोन्ही रॉकर सैल लागले की स्थिती योग्य समजावी. मग ठरलेल्या जाडीची मापपट्टी फटीत सरकवून जुळवणीचा स्क्रू फिरवितात. पट्टी हलका अडथळा जाणवून सरकली की लॉकनट आवळतात आणि पुन्हा एकदा माप घेतात, कारण नट आवळताना स्क्रू थोडा फिरण्याचा संभव असतो.

फट वाढली तर झडप उशिरा उघडते, लवकर मिटते आणि टकटक असा आवाज होतो. हा दोष स्वतःच ओरडून सांगतो. फट कमी झाली तर मात्र एंजिन उलट शांत चालते. झडपेची बैठक झिजत गेली की झडप वर सरकते आणि फट हळूहळू नाहीशी होते. झडप आपली उष्णता मुख्यतः मिटलेली असतानाच बैठकीला देते. ती नीट मिटली नाही, तर उष्णता साठते, तप्त वायू निसटू लागतो आणि अखेर झडपेची कड जळते. शांत एंजिन हे नेहमीच निरोगी एंजिन नसते, ते यामुळेच.

वेगाची जुळवणीही अशीच नियमित करावी लागते. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटास 1500 फेरे घेते, तेव्हा विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असते. अनेक जहाजांवर 60 हर्ट्झ वीज वापरतात, त्यासाठी 1800 फेरे हवेत. हा वेग गव्हर्नर सांभाळतो. दोन जनित्रे एकत्र चालत असता त्यांच्या गव्हर्नरांची जुळवणी सारखी नसेल, तर एकावर अधिक भार पडतो आणि दुसरे जवळजवळ रिकामे फिरत राहते.

या सर्व कामांत हत्यारांइतकेच महत्त्व नोंदवहीला आहे. जुळवणीनंतरचे माप सर्वजण लिहितात. जुळवणीपूर्वीचे माप लिहिणारे थोडे. वास्तविक एकाच झडपेची फट प्रत्येक वेळी कमी झालेली आढळली, तर बैठक झिजत असल्याचे कळते ते याच आकड्यांवरून. कानाला न कळणारा दोष वहीतील दोन स्तंभांत दिसतो. पीण्यातील कारखाना असो वा भर समुद्रातील जहाज, ही वही दोन्ही ठिकाणी सारखीच उपयोगी पडते.