जांभळ्या तारेतले पाच व्होल्ट

रॅमचे भाव कुठे जाऊन पोचले, हे घरी पीसी बांधणाऱ्या कुणालाही सांगायला नको. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा भाव लवकर उतरतील ही आशाही मावळली. एआयच्या डेटा सेंटरांची मेमरीची भूक मोठी आहे आणि पैसे मोजायची त्यांची तयारीही. साहजिकच जुने मदरबोर्ड कपाटातून पुन्हा बाहेर निघताहेत, एका कॅबिनेटमधला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) दुसऱ्यात बसवला जातोय. आणि सगळं जोडून बटण दाबलं की कित्येकदा काहीच होत नाही.

अशा वेळी दुकानातून ‘बोर्ड गेला’ असं सांगितलं जातं. हे दोन शब्द आज फार महाग पडतात. बोर्ड बदलला की बहुधा प्रोसेसर बदलतो, आणि नव्या बोर्डावर डीडीआर-५ असेल तर हातातली डीडीआर-४ रॅम त्यात बसतच नाही. म्हणून मोजल्याशिवाय हा निकाल मान्य करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मोजायचं काय? बोर्डाच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली जांभळी तार. एसएमपीएसचा मागचा स्विच चालू असला की पीसी बंद असतानाही या तारेत पाच व्होल्ट असतात. समोरचं बटण पीसीला वीज देत नाही, ते बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडतं, एवढंच. मग बोर्ड हिरवी तार ग्राउंडला ओढतो आणि एसएमपीएस जागा होतो. हे सगळं घडवणारं सर्किट जांभळ्या तारेवरच जगतं.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब काळ्या तारेच्या खाचेत, लाल जांभळ्याच्या. कनेक्टर बोर्डात राहू द्या, प्रोब मागून तारेलगत सरकवा. सगळ्याच तारा काळ्या असतील तर नववी पिन शोधा. आकडा ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये हवा. शून्य आला तर लगेच एसएमपीएसला दोष देऊ नका. वीज बंद करून कनेक्टर काढा, परत चालू करून मोजा. आता पाच व्होल्ट आले, तर बोर्डावरच काहीतरी शॉर्ट आहे. तरीही नाही आले, तर एसएमपीएस गेला. पाच मिनिटांचं काम आहे हे, आणि ते ग्राहकासमोर करायला कुठल्याही दुरुस्तीवाल्याची हरकत असू नये.

पाच व्होल्ट नीट आहेत, तरी पीसी ढिम्म? मग कॅबिनेटच्या बटणाची वायर काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवा. पीसी सुरू झाला तर दोष बटणात किंवा वायर चुकीच्या पिनांवर लावण्यात आहे. नव्याने बांधलेल्या पीसीत हे सर्रास आढळतं.

पंखा जरासा हलून थांबत असेल तर गोष्ट वेगळी. एसएमपीएसला शॉर्ट जाणवला आणि त्याने स्वतःला बंद केलं. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ बघा. जिथे बोर्डाला भोकच नाही तिथे एखादा राहून गेलेला असतो आणि तो मागच्या सोल्डरला टेकतो. बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी, बाकी सगळं काढून. तिथे तो चालला, तर घोटाळा कॅबिनेटमध्ये किंवा काढून ठेवलेल्या भागांत आहे.

पंखे फिरताहेत पण स्क्रीन काळी, तर प्रोसेसरची आठ पिनांची वेगळी केबल लावली आहे ना, हे आधी बघा. डीडीआर-५ असेल तर थांबा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड मेमरीची जुळवाजुळव करतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात. याच काळात घाबरून बटण दाबलं जातं आणि धडधाकट पीसी दुकानात नेला जातो.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. एका कंपनीच्या मॉड्युलर (सुट्या केबलांच्या) एसएमपीएसला दुसरीची केबल लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रमाणित नसते, हार्ड डिस्क जळू शकते. आणि एसएमपीएस उघडू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही लगेच रिकामा होत नाही. बिल आणि सिरियल नंबर जपला असेल, तर बिघडलेला एसएमपीएस वॉरंटीत बदलून घ्या. चांगल्या कंपन्या पाच, सात, काही मॉडेलांवर दहा वर्षंही देतात.