अंधांसाठी संशोधन : खर्च एकदा, लाभ सर्वांना

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली असली की अंध माणूस संगणकावर बिले, हिशेब, पत्रव्यवहार स्वतः करतो. पूर्वी अशी प्रणाली कित्येकदा संगणकाहून महाग पडे. 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतली. जेम्स तेह हा अंध मित्र साथीला आला. मोझिला, मायक्रोसॉफ्ट यांनी पैसा दिला. आज ती जगभर मोफत मिळते, मराठीही वाचते.

आम्हा कापडवाल्यांना हा हिशेब लगेच कळतो. नवे डिझाइन बसविण्याचा खर्च एकदाच. पुढे फक्त सूत लागते. इथे तर सूतही लागत नाही! मात्र संगणक बदलला की प्रणालीही सुधारावी लागते, आणि त्या कारागिराला पगार हवा. तेव्हा व्यापारी बांधवांनो, देणगी देताना काठ्या-चष्मे वाटाच, पण संशोधनाचाही वाटा बाजूला काढा.