एडीएचडी की ऑटिझम? वागणं सारखं, कारण वेगळं

मी आखाडा बाळापूरहून बोलतेय. आमचं गाव नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं. समजा, इथल्या बसस्टँडवर एक पोरगं आईचा हात सोडून पळालं. का पळालं?

एडीएचडी असेल, तर फुगेवाला दिसला आणि पाय निघाले. विचार मागून आला. ऑटिझम असेल, तर हॉर्न, गर्दी, धूर सगळं एकदम अंगावर आलं, म्हणून ते तिथून सुटायला पळालं असेल. बघणारे मात्र दोघांनाही एकच म्हणतात, "लाडावलंय!"

दिनक्रमाचंही तसंच. ऑटिझममध्ये ठरलेलं बदललं की जीव कासावीस होतो. एडीएचडीत रोज तेच ते नको होतं. आणि दोन्ही असतील तर? वेळापत्रक हवंही असतं, पाळताही येत नाही. मोठ्यांचंही असं होतं बरं का.

अमेरिकेच्या डीएसएम या निदान-पुस्तिकेनुसार आधी ही दोन्ही निदानं एकत्र देता येत नव्हती. २०१३च्या पाचव्या आवृत्तीनं ती अट काढली. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. म्हणजे निदान अर्धवट राहिलं, तर हक्काचं प्रमाणपत्रही हुकू शकतं.

म्हणून एका नावावर थांबू नका, डॉक्टरांना दोन्हींबद्दल विचारा. आणि रागवायच्या आधी एवढं बघा: पोरगं कशाकडे पळतंय, की कशापासून?