नाव कोणी ठेवायचे? : स्वयंसेवकांच्या आचारसंहिता आणि आपली भाषा

माणसाला माणसासारखी हाक मारावी, एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपल्या किती पिढ्यांना झगडावे लागले, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. परंतु तोच प्रश्न आज एका नव्या क्षेत्रात उभा आहे आणि आपल्या चळवळीचे तिकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हे क्षेत्र म्हणजे संगणकाचे सॉफ्टवेअर आणि ज्ञानकोश एकत्र येऊन घडविणाऱ्या स्वयंसेवकांचे समुदाय. मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवितो. माझे काही विद्यार्थी या कामाकडे वळत आहेत. म्हणून तेथील आचारसंहिता कशा आल्या, आणि मराठी माणसाच्या दृष्टीने त्यांत काय आहे व काय नाही, हे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम या समुदायांचे स्वरूप पाहू. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स या प्रणालीची सुरुवात केली. आपल्या हातातील अँड्रॉइड मोबाईलच्या मुळाशीही तीच आहे. तिचा कोड सर्वांना खुला आहे. कोणीही तो वाचावा, सुधारावा आणि आपली सुधारणा पाठवावी. विकिपीडियाचेही तसेच, मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. वरवर पाहता येथे दरवाजाशी कोणी उभे नाही. परंतु नवख्याने पाठविलेले काम जुने जाणते तपासतात, ठेवतात किंवा फेकून देतात. जेथे तपासणे आहे तेथे सत्ता आहे. आणि जेथे सत्ता आहे तेथे काम तपासता तपासता माणसाची अक्कल काढली जाते. लिनक्समध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांची पत्रे त्यासाठी कुप्रसिद्ध होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाले, आणि त्याच महिन्यात लिनक्सने नवी आचारसंहिता स्वीकारली.

ही संहिता 'काँट्रिब्युटर कव्हेनंट', म्हणजे सहभागी होणाऱ्यांचा करारनामा, या मसुद्यावर आधारलेली होती. कोरलाइन एडा एमकी यांनी तो २०१४ साली तयार केला. कोणत्या कारणावरून कोणाचा पाणउतारा होता कामा नये, याची यादी त्यात आहे : वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंगभाव इत्यादी. या यादीत 'जात' हा शब्द आला तो २०२१ च्या आवृत्तीत. विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये सर्व भाषांसाठी एक सार्वत्रिक आचारसंहिता मंजूर केली. तिच्यातील अपमानाच्या कारणांमध्येही जात आहे. या तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. त्यापूर्वीही या क्षेत्रात भारतीयांचा भरणा होताच. जात त्यांच्याबरोबर गेली नव्हती असे नाही. तिची नोंद करायला रकाना नव्हता, इतकेच.

विकिपीडियाच्या संहितेत आणखी एक कलम आहे. लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात, त्याच नावाने त्यांचा उल्लेख करावा; इतरांनी पूर्वापार लादलेल्या नावाने नव्हे. हे वाचताना मला मुंबई विधानसभेतील जानेवारी १९३८ चा प्रसंग आठवला. स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीच्या विधेयकात अस्पृश्य वर्गांसाठी 'हरिजन' हा शब्द घातला होता. भाऊराव तथा दादासाहेब गायकवाडांनी त्याला हरकत घेतली आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बहुमतवाल्यांना तो शब्द प्रेमाचा वाटत होता. ज्यांच्यावर तो चिकटविला जात होता त्यांना तो नको होता. हरकत बहुमताने फेटाळली गेली आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशी आपल्या माणसांनी विचारला होता. जगाच्या आचारसंहितेत तो आठ दशकांनंतर पोहोचला.

आता मूळ अडचणीकडे येऊ. या संहितांची घडण इंग्रजीत झाली. इंग्रजीत समोरच्याला, मग तो न्यायाधीश असो की हमाल, 'यू' हा एकच शब्द. मराठीत तू, तुम्ही आणि आपण; ये, या आणि यावे. म्हणजे एकही शिवी न देता माणसाला खाली बसविण्याची सोय आपल्या व्याकरणातच आहे. शिवी यादीत घालता येते. क्रियापदाचा प्रत्यय कसा घालणार? कागदावर 'किसन' असलेला माणूस गावच्या हाकेत 'किसन्या' होतो. माझे आईवडील ऊसतोडीला जात. तेथे नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. टोळीत किती माणसे, असे मुकादम विचारीत नाही. किती कोयते, असे विचारतो. हत्याराच्या नावाने माणूस मोजला जातो आणि कोणाला त्यात शिवी ऐकू येत नाही. तीच गोष्ट आडनावाची. 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न कोणत्याही यादीत बसत नाही. पण तो कशासाठी विचारला जातो हे आपल्याला नीट कळते.

मग 'तू' वर बंदी घालावी काय? तसे नाही. आईला आपण तूच म्हणतो, मित्रालाही. माझ्या मते कसोटी परतफेडीची आहे : ज्याला मी तू म्हणतो, तो मला उलट तू म्हणू शकतो काय? म्हणू शकत असेल तर ती जवळीक. नसेल तर ती उतरंड. 'जोहार' घालणारी आपली माणसे 'जय भीम' म्हणू लागली तेव्हा नेमके हेच घडले. जोहार खालून वर जातो. जय भीमला जय भीमनेच उत्तर मिळते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : कोडला जात नसते, काम चांगले की वाईट एवढेच पाहा. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. महाविद्यालयांतून 'गुणवत्ते'च्या नावाने तो आपण ऐकत आलो आहोत. परंतु जो पहिल्याच पाणउताऱ्याने निघून गेला, त्याची गुणवत्ता मोजणार कोण? घरातील पहिला शिकणारा मुलगा चुकीची इंग्रजी लिहीत, उसन्या लॅपटॉपवर आपले काम पाठवितो. चूक दाखवावी, अवश्य दाखवावी. त्यातूनच तो शिकेल. मात्र 'या ओळीत चूक आहे' आणि 'तुम्हा लोकांना हे जमायचे नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्याने काम सुधारते, दुसऱ्याने माणूस जातो.

राहिला अंमलबजावणीचा प्रश्न. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरी १९५५ चा कायदा आणि पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला. जातिवाचक शिवीगाळीच्या गुन्ह्याला त्यातही 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशी जागा' ही अट आहे. आचारसंहिता म्हणजे कायदा नव्हे. तिच्या हाती तुरुंग नाही. काँट्रिब्युटर कव्हेनंटच्या २०२१ च्या आवृत्तीत चार पायऱ्या आहेत : समज, ताकीद, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधनही आहे. हे चांगलेच आहे. पण समज देणारे कोण? ज्यांना 'किसन्या' मधला तो 'या' ऐकूच येत नाही, त्यांच्यापुढे तक्रार नेऊन उपयोग काय? महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलणे आवश्यकच होते. परंतु हाक पाटीवर नसते, तोंडात असते.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी या समुदायांत जाताना तीन गोष्टी मागाव्यात. संहितेचे नुसते भाषांतर नको. मराठीत अपमान कसा होतो त्याची उदाहरणे मराठीतच लिहिली जावीत. जात उघड करण्याचा वा न करण्याचा अधिकार ज्याचा त्याला असावा. आणि तक्रार ऐकणाऱ्यांत तो अपमान भोगलेली माणसे असावीत. या तीन मागण्या संगणकवाल्यांपुरत्याच नाहीत. आपली वाचनालये, वसतिगृहे, शिक्षकांच्या बैठका, फार काय आपल्या संघटनांची कार्यालये, येथेही त्या लावून पाहाव्यात. तेथे चहा आणून देणाऱ्या पोराला आपण काय म्हणून हाक मारतो, आणि तो आपल्याला तशी मारू शकतो काय, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.