'हाताची घडी, तोंडावर बोट' : बालवर्गातील वर्तनाचे आकलन व मार्गदर्शन
(विशेष संदर्भ : सातारा व सांगली जिल्हे)

'हाताची घडी, तोंडावर बोट' ही आज्ञा ऐकली नाही असा महाराष्ट्रातील विद्यार्थी विरळाच. ती शिक्षा मानली जात नाही. शिस्त मानली जाते. बालकाच्या वर्तनाचा शास्त्रीय विचार केल्यास मात्र ही आज्ञा शिस्तीचे मूळ साधनच काढून घेते, असे दिसून येते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांच्या मते लहान बालके काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलतात आणि त्या बोलण्याच्या आधारेच आपल्या कृतीवर ताबा मिळवतात. 'आता लाल मणी, मग पिवळा' असे पुटपुटणारे मूल गोंगाट करत नसते, ते स्वतःला आवरत असते. पुढे हेच बोलणे आत वळून विचाराचे रूप घेते. हात आणि तोंड दोन्ही बांधल्यावर पाच वर्षांच्या मुलाजवळ शेजाऱ्याला कोपर मारण्यावाचून फारसे काही उरत नाही.

यासाठी शिक्षकाने 'हे मूल असे का?' यापेक्षा 'हे केव्हा घडले?' असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. आठवडाभर साधी नोंद ठेवली तरी लक्षात येते की, ढकलाढकली बहुधा ताटकळण्याच्या वेळी होते : रांगेत, पाटी तपासून घेताना, पोषण आहाराचे ताट येईपर्यंत. तेथे दोष मुलाचा कमी व मांडणीचा अधिक असतो.

सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ही मांडणीच बदलली. तत्कालीन शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे ज्ञानरचनावादी पद्धती रुजली. फळ्याकडे तोंड करून बसण्याऐवजी मुले जमिनीवर आखलेल्या तक्त्यांभोवती गटाने बसू लागली. खडे, बिया, काड्या हाताळत एकमेकांशी बोलू लागली. शासनाने २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम हाती घेतला, त्यामागे या प्रयोगाची प्रेरणा होती आणि राज्यभरातील शिक्षक तो पाहावयास आले. फरशी रंगविणे अर्थातच सोपे. मुलाला चूक स्वतः शोधू देणे, तुलना टाळणे व 'पळू नको' ऐवजी 'हळू चाल' असे सांगणे कठीण. जेथे केवळ रंगाचेच अनुकरण होईल तेथे वर्तनात फरक पडण्याचे कारण नाही.

बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. तथापि या अधिनियमातील 'बालक' सहा ते चौदा वर्षांचे असल्याने अंगणवाडीतील मूल त्या व्याख्येबाहेर राहते, ही बाब सहसा चर्चिली जात नाही.

दंगा करणाऱ्या मुलाकडे निदान लक्ष तरी जाते. गप्प मुलाच्या प्रगतिपत्रकात 'शांत व आज्ञाधारक' असा शेरा पडतो आणि विषय संपतो. सांगली जिल्ह्यात जत तालुक्याच्या पूर्व भागात अनेक घरांची भाषा कन्नड आहे. अशा घरातील मूल मराठी बालवर्गात उत्तर देत नाही, सूचना पाळत नाही, तेव्हा त्यास हट्टी अथवा मंद ठरविणे अन्यायाचे होय. त्याला सूचना कळलेलीच नसते. शिक्षिकेने 'बा', 'नीरु', 'ऊटा' (ये, पाणी, जेवण) एवढे शब्द जरी उच्चारले तरी मुलाला ही जागा आपली वाटू लागते. येथेही तोंडावरचे बोट घातकच, कारण नवी भाषा मूल शेजाऱ्याशी बोलतच शिकते.

ऊसतोड कुटुंबांतील मुलांची अडचण याहून वेगळी. गळीत हंगामात ती वर्षाच्या मध्येच दोन्ही जिल्ह्यांतील कारखाना परिसरातील शाळांत येतात आणि हंगाम संपताच टोळीबरोबर निघून जातात. कित्येकदा धाकटे भावंडही सोबत असते. असे मूल दाराजवळ बसते व वारंवार उठून बाहेर पाहते, ते धाकट्याची काळजी त्याच्यावर असते म्हणून. धाकट्याला त्याच बस्करपट्टीवर मणी देऊन बसविले, तर थोरल्याचे उठणे बरेचसे थांबते.