मानांकनाचे चलन आणि खोटी नाणी

इंटरनेटवर बुद्धिबळ खेळणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो केवळ एक आकडा. त्या आकड्यावरून जोडी ठरते, बक्षिसाच्या स्पर्धेत प्रवेश मिळतो आणि शिकवणीचे शुल्कही पुष्कळदा त्यावरूनच आकारले जाते. संगणकाची चोरटी मदत घेऊन हे मानांकन फुगविणाऱ्याकडे पोरखेळातील लबाडी म्हणून काणाडोळा करण्याची वृत्ती मात्र बरीच रूढ आहे. जून २०२१ मध्ये मदतनिधीसाठी झालेल्या ऑनलाइन सामन्यात उद्योजक निखिल कामत यांनी विश्वनाथन आनंद यांना हरविले. आणि लगेच, जाणकारांची व संगणकाची मदत घेतल्याचे कबूल करून, हा गमतीचा व दानधर्माचा भाग होता असे सांगत क्षमाही मागितली. मदतनिधीच्या सामन्यात असे एखादे वेळी खपून जाईल. मानांकनाच्या डावाची गोष्ट वेगळी आहे.

मानांकनाची प्रचलित पद्धत अमेरिकेत पदार्थविज्ञानाचे अध्यापन करणाऱ्या आर्पाड एलो यांनी सिद्ध केली. तेथील बुद्धिबळ संघटनेने ती १९६० मध्ये व जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. समान मानांकनाच्या दोघांत डाव झाला आणि बदलाचा गुणक वीस असला, तर जिंकणाऱ्याचे दहा गुण वाढतात व हरणाऱ्याचे दहा घटतात. चारशे गुणांनी वरचढ असलेला खेळाडू जिंकला तर त्याला जेमतेम दोन गुण मिळतात. तोच हरला तर अठरा गमावतो. ऑनलाइन संकेतस्थळांची सूत्रे थोडी निराळी असली तरी तत्त्व हेच. याचा अर्थ असा, की लबाडाचे गुण आकाशातून पडत नाहीत. ते शंभर प्रामाणिक खेळाडूंच्या खात्यांतून थोडेथोडे वळते होतात. शिवाय ज्याचे गुण असे गेले, तो आता कागदोपत्री दुबळा ठरतो आणि पुढे ज्याला हरवितो त्याचे वाजवीपेक्षा अधिक गुण कापून घेतो. खोट्या नाण्याप्रमाणे नुकसान हस्ते परहस्ते फिरत राहते. लबाड पकडला जाऊन त्याचे खाते बंद झाले, की त्याने ओढलेले गुणही चलनातून नाहीसे होतात.

उलट्या दिशेची लबाडीही आहे. खालच्या मानांकनगटात मोठी बक्षिसे ठेवली, की मुद्दाम हरून त्या गटात राहणे फायद्याचे ठरते. यासाठीच अमेरिकन संघटनेने खेळाडूच्या सर्वोच्च मानांकनाच्या सुमारे दोनशे गुणांखाली घसरण मोजायची नाही, असा नियम केला आहे.

खरी अडचण पहाऱ्याची आहे. घरी बसलेल्या खेळाडूची झडती घेता येत नाही; त्याच्या चाली संगणकाच्या चालींशी कितपत जुळतात व तो प्रत्येक चालीला किती वेळ घेतो, यांवरून अनुमान काढावे लागते. समजा, अशी चाचणी दहा हजारांत एकदाच चुकते. एक कोटी निर्दोष डाव तपासले तर एक हजार डावांवर नाहक ठपका येईल! म्हणूनच एका डावावरून निकाल न देता अनेक डावांचा एकत्र विचार करावा लागतो. तोही जपून. नोव्हेंबर २०२३ मध्ये माजी जगज्जेते व्लादिमीर क्रामनिक यांनी हिकारू नाकामुरा यांच्या सेहेचाळीस डावांतील साडेपंचेचाळीस गुणांकडे बोट दाखविले. पण हजारो डाव खेळणाऱ्याच्या खात्यातून नेमकी तेवढीच रांग उचलून तिला अद्भुत म्हणणे संख्याशास्त्राला धरून नव्हते. संबंधित संकेतस्थळालाही तपासात काही गैर आढळले नाही.

संशय निराधार नसतो तेव्हाही मार्ग सरळ नाही. हान्स नीमन याने बाराव्या व सोळाव्या वर्षी ऑनलाइन डावांत लबाडी केल्याचे २०२२ मध्ये स्वतःच मान्य केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चेस डॉट कॉमने बहात्तर पानी अहवालात अशा डावांची संख्या बहुधा शंभरावर असल्याचे म्हटले. नीमनने दहा कोटी डॉलरचा दावा लावला. जून २०२३ मध्ये तो फेटाळला गेला आणि ऑगस्टमध्ये तडजोड झाली. आरोप करणारी, पुरावा तपासणारी व शिक्षा देणारी संस्था एकच, आणि तीही खाजगी कंपनी! चाचणीची रीत उघड केली तर लबाड तिला बगल देतील, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु ती गुप्त ठेवली, तर आरोपीने उत्तर द्यावे ते कशाला? कंपनीबाहेरच्या दोन-तीन संख्याशास्त्रज्ञांना व बुद्धिबळपटूंना गोपनीयतेच्या अटीवर सर्व पुरावा दाखवून अपील ऐकण्याची सोय करणे काही अशक्य नाही. लबाड सापडल्यावर त्याच्याकडून हरलेल्यांचे अलीकडचे गुण परत देण्याची व्यवस्था संकेतस्थळांनी केलीच आहे. ज्याचे खाते चुकीने बंद झाले, त्याचे विद्यार्थी मात्र तोपर्यंत दुसऱ्या शिक्षकाकडे गेलेले असतात.