दहा सेकंदांची प्रार्थना

घरात मोठं आजारपण आलं आहे, पैशांची ओढाताण आहे, रात्रीचे तीन वाजले तरी डोळ्याला डोळा लागत नाही. अशा वेळी ‘मन शांत ठेव’ हा सल्ला ऐकून कुणाचं मन शांत होत नाही. मन हुकूम पाळत नाही. हृदय आणि रक्तदाबही पाळत नाहीत. श्वास मात्र अजब आहे. आपण विसरलो तरी तो चालतो आणि लक्ष दिलं तर आपलं ऐकतोही. जगभरच्या प्रार्थनांनी नेमका तोच हाताशी धरला.

डिसेंबर 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठाचे लुचानो बेर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास छापला. 23 निरोगी माणसांनी लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना म्हटली आणि ‘ओम मणि पद्मे हूं’ हा बौद्ध मंत्रही जपला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावला, म्हणजे दर दहा सेकंदांना एक. एरवी स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण 12 ते 16 श्वास घेतो.

आता खरं नवल पुढे आहे. आपल्या रक्तदाबात मुळातच एक मंद चढउतार असतो आणि त्याचं एक आवर्तनही सुमारे दहा सेकंदांचंच! सिग्मंड मेयर यांनी 1876 मध्ये या लहरींचं वर्णन केलं, म्हणून त्या ‘मेयर लहरी’. श्वास त्यांच्या लयीत आला की रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तत्परतेने काम करते. मानेतल्या आणि महाधमनीतल्या संवेदकांकडून खबर जाते आणि मेंदू व्हेगस नावाच्या चेतातंतूमार्फत हृदयाला आवरतो. हृदयाला एकटं सोडलं तर ते मिनिटाला 100 च्या आसपास ठोके देईल. विश्रांतीत ते सत्तरीवर राहतं ते या लगामामुळे. श्वास घेताना हा लगाम किंचित सैल होतो, सोडताना ताणला जातो. आणि म्हणायचं म्हटलं की श्वास सोडावाच लागतो, तोही सावकाश.

रोझरीत, म्हणजे जपमाळेवर ‘आवे मारिया’ पुन्हा पुन्हा म्हणताना, अर्धी प्रार्थना पुढे म्हणणारा म्हणतो, उरलेली बाकीचे. म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या ओळी संपवायच्या आणि दुसरा म्हणत असताना श्वास भरून घ्यायचा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी तेर्स (तिथली रोझरी) होतो, तोही असाच आळीपाळीने.

अभ्यास लहान होता, हे विसरू नये. जपाने संकट टळत नाही आणि खोल नैराश्याला डॉक्टरच हवा. श्रद्धेची मोजदाद तर या आकड्यांत नाहीच. तरीही, हाती कुठलंही उपकरण नसताना माणसांनी निव्वळ म्हणून म्हणून ही लय गाठली, याचं मला अपार आश्चर्य वाटतं.

आपल्याकडे समर्थ रामदासांचे 205 मनाचे श्लोक आहेत. त्यांतले शब्द मनाला समजावतात, दटावतात आणि त्याच वेळी भुजंगप्रयात वृत्त छातीवर आपलं काम करत असतं. दर चरणात 12 अक्षरं, त्यांतली 8 गुरू. कितीही घाईत असलात, तरी ती आठ अक्षरं लांबवावीच लागतात.